पहिलटकरणीचं माहेर

मस्कतहून जगदेवी कायमची परत आली ती एकाच कामासाठी: लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. सोळा वर्षं तिनं तिथल्या दवाखान्यात, प्रसूतीच्या वॉर्डात, परक्या बायकांची बाळंतपणं केली होती. आता पोटच्या लेकीचं आपल्या हातानं नाही केलं तर जन्माला येऊन मिळवलं काय, असं तिचं म्हणणं. म्हणणं काही खोटं नव्हतं.

नवरा अपघातात गेला तेव्हा सुकन्या आठ वर्षांची होती. तिला सोलापूरजवळच्या मंद्रूप गावी आपल्या थोरल्या बहिणीच्या, अक्कम्माच्या पदरात घालून जगदेवी विमानात बसली. पैसे वेळेवर येत राहिले, शुक्रवारी फोन येत राहिला, आणि दोन वर्षांनी एकदा महिनाभर ती स्वतः येई. मूल तेवढ्यात वाढतं. कुणासाठी थांबत नाही.

आता सोलापुरात, जुळे सोलापूर या भागात, तिनं फ्लॅट घेतला होता. पण घर घेतलं म्हणजे गाव आपलं झालं, असं थोडंच आहे! भाजीवाली सांगेल तो भाव ही मुकाट्यानं देऊन मोकळी व्हायची. शेजारीण न विचारता आत आली की दचकायची. दुपारी सगळी इमारत आडवी झाली की हिला काय करावं ते सुचेना. मग ती लेकीची खोली मांडत बसायची. बाज आणली, शेगडी आणली, अळीव, डिंक, बाळंतशेपा असं सगळं डब्यांत भरून ठेवलं. दुपट्यांसाठी जुनी मऊ लुगडी हवीत म्हणून कपाट उपसलं, तर जुनं लुगडं एकही निघेना. सगळा जन्म नर्सच्या कपड्यांत गेलेला, लुगडी जुनी व्हायची कधी? शेवटी दुपटी विकतची आणली.

हे सगळं फोनवर सांगितलं की सुकन्या म्हणायची, "हो मम्मी. तुम्ही कशाला एवढा त्रास घेता?" अक्कम्माला ती अव्वा, म्हणजे कानडीत आई, म्हणे, अगं-तुगं करी, भांडे, रुसे. आईशी मात्र पोरगी शाळेतल्या बाईंशी बोलावं तशी बोले. जगदेवीला ते फार टोचायचं. चार महिने जवळ राहिली की होईल सवय, असं ती स्वतःलाच समजवायची.

सातव्या महिन्यात सुकन्याच्या सासरी, सोलापुरातच, डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, ओटी, सगळं रीतसर पार पडलं. मग विहीणबाई म्हणाल्या, "चला, आता लेकीला माहेरी न्या की."

दोघी बहिणी एकदमच उठल्या.

अक्कम्मा लगेच खाली बसली. "माझं काय बाई, सवयीनं उठले. तूच ने जगदेवी. आई तू हायस." आणि लई उकडतंय असं पुटपुटत पदरानं डोळे पुसायला लागली.

"येते की मम्मी," सुकन्या म्हणाली. अगदी शहाण्यासारखी म्हणाली. पण तिच्या मुठीत अक्कम्माचा पदर होता आणि तो काही तिला सोडवेना.

जगदेवीनं ती मूठ पाहिली, आणि तिला वॉर्ड आठवला. कळा वाढल्या की तिथली प्रत्येक बाई, अरबी असो, मल्याळी असो, बंगाली असो, शेवटी आईलाच हाक मारायची. ती हाक आता तिची लेक मारणार होती, आणि ती 'मम्मी' अशी नक्कीच नसणार होती.

"अक्का, ऊठ," ती म्हणाली. "पोरीचं माहेर मंद्रूपला हाय. तितंच होऊ दे बाळंतपण. सामान मी पाठवून देते."

"अगं, आन् तू?"

"मी येईन की अधनंमधनं. बाळाला बघायला."

सुकन्यानं पदर सोडला आणि आईच्या गळ्यात पडून ती हमसून हमसून रडायला लागली. जगदेवी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मोठेपणी लेक अशी बिलगली ती पहिल्यांदाच, आणि तीही जाऊ दिलं म्हणून.