कान दुखत होता

चंदेरी कागदात गुंडाळलेली ती बोटाएवढी नळी तिने पिवळ्या दिव्याखाली धरली—उजेड लागला की रक्तातलं अ जीवनसत्त्व विरतं, म्हणून हा बुरखा, म्हणून ही खोली कायम तिन्हीसांजेत—आणि नळीवर नुसता क्रमांक असला तरी रक्त कुणाचं ते तिला ठाऊक होतं. वस्तीतल्या मुलांच्या नमुन्यांबरोबर दर खेपेला प्रयोगशाळेतल्या कुणाच्या तरी घरच्या मुलाचं रक्त लावायचं, यंत्र ताळ्यावर आहे ना ते बघायला. या खेपेला तिची पाळी होती. यंत्र ताळ्यावर होतं. लेकीचा आकडाच खाली आला होता.

माझी मुलगी... आणि लगेच, पाठोपाठ: हे बाबांमुळे. सासऱ्यांमुळे. नवरा परगावी, ही दिवसभर इथे, पोरीचं खाणंपिणं सगळं त्यांच्या हाती. जन्मभर शिवणयंत्रावर बसलेला माणूस—देत असतील बिस्किटं, ती मागते म्हणून. सोमवारपासून पाळणाघर. वाक्यसुद्धा तयार होतं, शिवताना बाबा ओठांत टाचणी धरत तसं धरून ठेवलेलं: बाबा, तुम्हाला आता झेपत नाही.

अंगात दाह असला की यकृत जीवनसत्त्व सोडत नाही, कोठीला कुलूप घालून बसतं, आणि रक्त उगाचच कंगाल दिसतं—नव्यांकडून ती हे घोकून घेते. लेकीच्या वेळीही पाहिलं होतं की! पण दाहाची खूण सांगणारी प्रथिनं दोन. एक घाईचं, चढतं तसं उतरतं. दुसरं दुखणं सरल्यावरही रेंगाळतं. घाईचं ठीक आलं, दुसऱ्याचं किट संपलेलं, आणि तिने तेवढ्यावरच निकाल लावून टाकला... आई म्हणून घाबरली आणि शिकलेलं सगळं पाण्यात.

आज किट आलं. दुसऱ्या प्रथिनाचा आकडा पडद्यावर उमटला. चढलेला, चांगलाच.

"काय गं, रडतेयस का हसतेयस?" शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने विचारलं.

"कान दुखत होता तिचा," ती म्हणाली.

रक्त घेण्याआधी काही दिवस बाबा म्हणाले होते, "पोरीचा कान ठणकतोय, शेक देतोय मी." आणि ही चपला घालता घालता हं, हं करत राहिली होती.

वस्तीतल्या कमतरतेचा आकडाही आता उतरेल. तिथे कुणाचं ना कुणाचं नाक, कान, पोट चालूच. बरं वाटलं. पण काही नळ्यांत दोन्ही प्रथिनं ठीक, आणि जीवनसत्त्व तरीही खालीच—त्यांच्या कोठ्या खरोखरच रिकाम्या होत्या. ते क्रमांक तिने सावकाश पुन्हा वाचले.

घरी बाबा लाल भोपळा कुस्करत होते. पोर त्यांच्या मांडीवर, तोंड माखलेलं.

"आलं का गं रक्ताचं?"

"आलं. कानामुळे कमी दिसलं होतं, बाबा. थोड्या दिवसांनी पुन्हा बघू."

त्यांचा चमचा वाटीतच थांबला. "म्हणजे माझं काही चुकलं नाही ना?"

विचारत होते! इतके दिवस तेही मनात कुढत होते तर... "नाही हो," ती म्हणाली, आणि या माणसाबद्दल इतकं कृतज्ञ वाटलं की ती तिथेच त्यांच्याजवळ बसली.

"मग खा तूही. किती उतरलंय तोंड." त्यांनी वाटी तिच्यापुढे सरकवली.

ती खात राहिली. भोपळा गोड होता. फक्त ओठांतली ती टाचणी आता कुठे ठेवावी, ते तिला समजेना.