यंदाचे उंदीर

एल्वाने सुरीचं पातं अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकेच ओढलं. पातं घसरलं नाही, नखात रुतलं. तिने सुरी फडक्यात गुंडाळली आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. तिचा नवरा थर्मन गाडीच्या मागच्या हौद्यात पोती चढवत होता. पोती जड असावीत. प्रत्येक पोतं टाकल्यावर तो कमरेवर हात ठेवून क्षणभर उभा राही.

ती दार उघडून पायरीवर आली.

"थांब, एका बाजूने धरते."

"तू आत जा. खांदा सांभाळ."

"खांदा बरा झालाय माझा. बघू तरी, कसे आहेत यंदाचे."

"तिथे बघशीलच की." त्याने पोत्याचं तोंड आवळून सुतळीला आणखी एक गाठ मारली. "आधी हात लावलास तर ल्युला बोंब मारेल, एल्वा घरून सराव करून आली म्हणून."

एल्वा हसली. ल्युला तसं म्हणालीही असती.

दर हिवाळ्यात थर्मन दलदलीतल्या सापळ्यांतून मस्करॅट आणी आणि मागच्या छपरीत बसून एल्वा ते सोली. क्रेन्स पॉइंटमध्ये मस्करॅट कुणी म्हणत नसे, नुसतं उंदीर म्हणत. सशाएवढा, दाट लवेचा, चपट्या शेपटीचा हा पाण्यातला जीव. त्याच्या कातड्यांवर गावातल्या मुलांची शिक्षणं झाली होती आणि त्याचं मांस हिवाळाभर ताटात असे. यंदा मात्र एल्वाच्या हाती सुरी आलीच नव्हती. ऑक्टोबरात खांद्याची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी तिचा हात गळ्यात बांधून ठेवला. थर्मन म्हणाला, या वर्षी सगळं मी बघतो, तू खांदा उंदीर सोलायच्या शर्यतीसाठी राखून ठेव. तिला ते फार गोड वाटलं होतं. आपण धरलेले उंदीर आपण परस्पर खेकड्यांच्या कारखान्यातल्या शीतगृहात ठेवतो, असं त्याने सांगितलं होतं. संध्याकाळी तो चिखलाचे बूट काढत असताना ती विचारी, "मिळाले का?" आणि तो म्हणे, "मिळतायत."

त्या एका शब्दावर त्यांचा हिवाळा गेला होता. त्यांच्या मुलीने, जोलीनने, सॉल्झबरी शहरातल्या आपल्या घरातली तळमजल्यावरची खोली त्यांच्यासाठी रिकामी करून ठेवली होती. रस्त्यावर भरतीचं पाणी येतं, विहीर खारी झाली, पाइनची झाडं उभ्या उभ्या वाळली, असं ती फोनवर त्यांनाच ऐकवायची, जसं काही ते दोघं तिथे राहतच नव्हते. शेवटी कंटाळून थर्मनने तिला शब्द दिला होता. या हिवाळ्यात उंदीर मिळाले नाहीत, तर तुझ्याकडे राहायला येतो.

शर्यत शाळेच्या हॉलमध्ये होती. शाळा बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण या दिवसापुरता हॉल उघडत, झाडून घेत, आणि बाहेर गेलेली माणसंही मुलाबाळांना घेऊन येत. दारातच तळलेल्या कालवांचा आणि कांदा घालून शिजवलेल्या उंदरांचा वास आला. मंचावर लांब टेबल मांडलं होतं. त्यामागे बायका उभ्या होत्या. मधोमध ल्युला, रबरी एप्रन छातीपर्यंत ओढून. तिच्या शेजारी तिची सून शेल्बी, पहिल्यांदाच उभी राहिलेली, सारखे केस कानामागे सारणारी.

"आली बाई महाराणी," ल्युला म्हणाली. "खांदा दुखत असला तर आत्ताच सांग. नंतर कारणं नकोत."

"तुला हरवायला एक हात पुरे आहे गं."

"ऐकलंस, शेल्बी? हिच्यापासून लांब उभी राहा. जिभेने पण कातडं सोलते ही."

पहिल्या रांगेतली माणसं हसली. परीक्षक हार्लनने ध्वनिक्षेपकावर टिचकी मारली. ऐंशीच्या घरातला हा माणूस जन्मभर सापळे लावत आला होता. "आणि उंदीर," तो म्हणाला, "नेहमीसारखेच आपल्या दलदलीतले, आपल्या थर्मनने धरलेले!" टाळ्या पडल्या. काहींनी शिट्ट्या मारल्या. दाराजवळ उभ्या असलेल्या थर्मनने टोपीला हात लावला आणि खाली पाहिलं.

प्रत्येकीपुढे पाच पाच उंदीर ठेवले गेले. बर्फ वितळून ते ओले झाले होते, लव अंगाला चिकटली होती. मोठे आहेत, एल्वाच्या मनात आलं. चांगलेच मोठे आहेत. तिने अभिमानाने दाराकडे पाहिलं, पण थर्मनची नजर मिळाली नाही.

शिट्टी झाली.

एल्वाने पहिला उंदीर उताणा केला, मागचे पाय आपल्याकडे घेतले. सुरीचं टोक एका टाचेत शिरलं, मांडीच्या आतून शेपटीखालून गेलं आणि दुसऱ्या टाचेशी बाहेर पडलं. एकच रेघ. याच्यापुढे सुरीचं काम थोडं, अंगठ्यांचं जास्त. दोन्ही अंगठे कातड्याखाली घालायचे, मांस दाबून धरायचं आणि कातडं उलटं ओढायचं, लहान मुलाच्या डोक्यावरून स्वेटर काढावा तसं. हात चांगला असेल तर एका दमात पुढच्या पायांपर्यंत येतं.

तिचे अंगठे आत गेले आणि थांबले.

कातडं जाड होतं. इथल्या उंदराचं कातडं हाताखाली पातळ, मऊ लागे, सुटताना बारीक आवाज करी. हे जोर लावल्याशिवाय सुटेना. तिने ओढलं. खाली चरबी होती, दाट, पिवळी, लोण्यासारखी बोटांना चिकटणारी. त्यांच्या दलदलीतला उंदीर खाऱ्या पाण्यातल्या गवताची मुळं खाऊन जगे. त्याच्या अंगावर अशी चरबी कधी चढत नसे. ही मक्याची चरबी होती. कुठल्यातरी गोड्या पाण्याच्या ओढ्याकाठी, मक्याच्या शेतालगत वाढलेले हे उंदीर होते. तिने पालथ्या मनगटाने पाठीवरची लव उलटी फिरवली. तांबूस होती. त्यांच्याकडच्यांची पाठ काळी असते.

मागच्या महिन्यात इंजिनाचा सुटा भाग आणायला म्हणून थर्मन पहाटे उत्तरेकडे निघाला होता आणि अंधार पडता पडता परतला होता. भाग मिळाला नाही, म्हणाला होता.

एल्वाने पुढचे पाय मोकळे केले, कानांच्या मुळाशी सुरी लावली, डोळ्यांभोवती फिरवली, नाकाशी कातडं सोडवलं आणि ते बाजूला टाकलं. दुसरा उंदीर घेतला. हॉल ओरडत होता. टेबलाशी मात्र कुणी बोलत नव्हतं. तिने मान न वळवता डावीकडे पाहिलं. ल्युलाचेही अंगठे एका उंदराच्या कातड्याखाली थांबले होते. ल्युलाने बोटांवरची पिवळी चरबी पाहिली, एप्रनला पुसली आणि पुन्हा ओढायला लागली.

शेल्बी थांबली होती. तिच्या हातात अर्धवट सोललेला उंदीर होता.

"आई, हे तर आपल्या..."

"सोल, पोरी," ल्युला म्हणाली.

"अहो, पण बघा ना, याची चरबी..."

"सोल म्हटलं ना."

शेल्बीने एकदा सासूकडे पाहिलं, एकदा एल्वाकडे. मग खाली मान घातली.

चौथ्या उंदराला एल्वाची सुरी चरबीवर घसरली आणि पोटाशी कातड्याला बोटभर चीर गेली. इतक्या वर्षांत तिच्या हातून कातडं फाटलं नव्हतं. समोर कुणीतरी "अरेरे!" म्हणालं.

ल्युला जिंकली. हार्लन एकेक कातडं उलटसुलट करून बघत होता. शेवटचं खाली ठेवल्यावर त्याने बोटांची टोकं नाकाशी नेली आणि तसाच थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने दाराकडे पाहिलं, थर्मन होता तिकडे. ध्वनिक्षेपक तोंडाशी धरून तो म्हणाला, "माल उत्तम. यंदाही माल उत्तम."

पुन्हा टाळ्या पडल्या.

मागच्या मोरीत ल्युला आणि एल्वा शेजारी शेजारी हात धूत होत्या.

"साबणाने निघत नाही," ल्युला म्हणाली.

"नाही."

"आमच्या घरच्यांनी डिसेंबरातच रिकामे सापळे काढून आणले. मी कुणाला बोलले नाही."

"मला तरी सांगायचंस."

ल्युलाने नळ बंद केला. "सगळे म्हणत होते, थर्मनला मिळतायत. म्हटलं, असू दे. कुणाला तरी मिळतायत." तिने एल्वाच्या दंडावर ओला हात ठेवला, मग तोच हात पुसत ती बाहेर लोकांत गेली, आणि लगेच तिचा मोठ्याने हसण्याचा आवाज आला.

परतताना ऊन कलतं झालं होतं. पुलापलीकडे रस्त्यावर भरतीचं पाणी चढलं होतं. थर्मनने गाडी कडेला घेऊन थांबवली. दोन्ही बाजूंना जिथे गवत होतं तिथे आता सपाट पाणी होतं आणि वाळलेल्या पाइनचे पांढरे बुंधे.

थर्मनने इंजिन बंद केलं.

"ल्युलाचा हात चांगला चालला आज," थर्मन म्हणाला.

"हो."

"तुझा खांदा दुखला असेल."

"खांदा नाही दुखला."

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. एल्वा त्याच्याकडे न बघता म्हणाली, "एकही नाही मिळाला?"

"सुरुवातीला दोन-चार. मग काही नाही."

"मग रोज कुठे जात होतास?"

"सापळे बघायला," तो म्हणाला.

तिने त्याच्या हातांकडे पाहिलं. बोटांच्या पेरांवर थंडीने चिरा पडल्या होत्या, त्यांत चिखल बसून काळा झाला होता. रिकामे सापळे उचलायचे, धुवायचे, पुन्हा लावायचे. रोज.

"कुणी काही बोललं?" त्याने विचारलं.

"सगळ्यांच्या हातांना कळलं, थर्मन."

"मग?"

"कुणी नाही बोललं."

त्याने मान हलवली. पुढे पाण्यातून एक बगळा चालत होता, पाय उचलून उचलून, रस्त्याच्या मधल्या पट्ट्यावरून.

"रात्री जोलीनचा फोन येईल," थर्मन म्हणाला. "हिवाळा कसा गेला म्हणून विचारेल. काय सांगू तिला?"

एल्वाने काच थोडी खाली केली. खारं, थंड वारं आत आलं. तिच्या बोटांना अजून त्या चरबीचा वास येत होता. तिने हात मांडीखाली दाबून धरले.

"पुढच्या वेळी मक्याच्या शेताजवळचे घेऊ नकोस," ती म्हणाली. "चरबी फार असते. सुरी घसरते."

थर्मन तिच्याकडे पाहत राहिला. मग त्याने टोपी डोक्यावर घातली आणि किल्ली फिरवली. पाणी अजून उतरलं नव्हतं.