रबर लावलेला जबडा

मी सापळा बोलतोय. कोल्हे धरायचा, लोखंडी, दोन जबड्यांचा. दचकून पाय आखडून घेऊ नका. सध्या मी छबुबाईच्या घरात खुंटीवर टांगलेला आहे आणि माझ्या जबड्यांभोवती जुन्या लुगड्याची चिंधी करकचून बांधलेली आहे. मनात आणलं तरी मला आता काही धरता येणार नाही, आणि खरं सांगायचं तर मनातही येत नाही.

माझा जन्म एका ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यातून झाला. पाली गावाच्या पुढे, बिंदुसरा धरणाच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला घिसाड्यांची दोन पालं पडली होती. नवरा भाता सांभाळायचा आणि बायको घण मारायची. तिनं मला लाल केलं, वाकवलं, पाण्यात बुडवून चरचरवलं. दोन जबडे, त्यांना करवतीसारखे दात, दोन बाजूंना स्प्रिंगसारखी दोन ताठ पाती आणि मधोमध बशीएवढी चकती. चकतीवर पाय पडला की खटका सुटतो, पाती उसळतात आणि जबडे मिटतात. शिक्षण म्हणाल तर माझं एवढंच.

चार दिवसांनी अंगद आला. तिशीतला, उन्हानं रापलेला, डोळ्यांत राग. ओढ्याच्या काठी चरणारी त्याची दोन करडं आठवड्याभरात कोल्ह्यानं नेली होती. घिसाडणीनं त्याच्यापुढं तीन सापळे मांडले. एक मुंगसाचा, एक रानडुकराचा आणि मधला मी.

"पाय तोडायचाय का नुसता धरायचाय?" तिनं विचारलं.

"तोडला तरी चालंल," अंगद म्हणाला. "माजी करडं काय परत येणार हायत का?"

त्यानं तिन्ही सापळ्यांची पाती अंगठ्यानं दाबून पाहिली. रानडुकराचा त्याला उचलायलाच जड वाटला, मुंगसाचा खेळण्यासारखा वाटला. माझे दात त्यानं बोटानं चाचपले आणि मला पोत्यात घातलं. आपली निवड झाली याचा मला तेव्हा अभिमान वाटला. आता त्याची लाज वाटते.

अंगदनं मला बाभळीच्या सालीत उकळलं. माणसाच्या हाताचा वास राहिला तर कोल्हा जवळ फिरकत नाही, हे त्याला बापाकडून माहीत होतं. मग ओढ्याच्या वाटेवर खड्डा करून मला बसवलं, पीठ चाळतात तशी वरून माती चाळली, शेजारी सुकट टाकली आणि साखळी खोल ठोकलेल्या पहारीला अडकवली. घरची कुत्री भुरी मागेमागे करत होती. तिला त्यानं हाकललं आणि घरी नेऊन बांधलं. तेव्हापासून घरात नियमच झाला, मला लावलं की भुरी दाव्याला.

त्या पहाटे माझ्या जबड्यात पहिला पाय आला. त्याचं वर्णन मी करणार नाही. उजाडताना अंगद आणि त्याची बायको करिष्मा धावत आले, तेव्हा कोल्हा नव्हता. माझ्या दातांत त्याचा पंजा होता. स्वतःचा पाय कुरतडून तो गेला होता.

करिष्मा मटकन खाली बसली. "पाय ठिवून गेलं वो जित्राब," ती म्हणाली. अंगदच्या रागाचं पार पाणी झालं होतं. त्या दिवशी दोघंही जेवले नाहीत, आणि दुपारी करिष्मानं सरळ सांगितलं, "ह्यो सापळा असा ऱ्हायचा न्हाई. करडं बी जगली पायजेत अन् असलं बी परत बघायला नगं."

अशी माझी सुधारणा सुरू झाली. अंगद मला पालीच्या रामप्रसादच्या वेल्डिंगच्या दुकानात घेऊन गेला. रामप्रसाद त्याचा शाळेतला सोबती. आधी त्यानं कानशीनं माझे दात घासून सपाट केले. मग जुन्या टायरच्या पट्ट्या कापून दोन्ही जबड्यांना नटबोल्टनं बसवल्या.

"कोल्ह्याला चप्पल शिवतोस का बे?" रामप्रसाद हसत म्हणाला. पण कामाला तो पक्का होता. जबड्यांच्या टोकांना त्यानं वेल्डिंगचे दोन थेंब सोडले, म्हणजे मी मिटलो तरी बोटभर फट राहावी आणि हाड चेपू नये. साखळीत फिरती कडी घातली, म्हणजे जनावरानं गिरक्या घेतल्या तरी पाय पिळवटू नये. चकतीखालचा स्क्रू आवळून चकतीवर पाण्याची बाटली ठेवून बघितली. एका लिटरला मी गप्प राहिलो, दोन लिटरला मिटलो. ससा, मुंगूस, तितर, सगळे त्यामुळे वाचले.

"पन रबरानं पकड ढिली पडती," रामप्रसाद म्हणाला. "पाती वाढवावी लागतील." त्यानं दोनाची चार पाती केली. आता मला उघडायला अंगदलाही त्या पात्यांवर दोन्ही पाय दोन बाजूंना ठेवून, सगळं वजन टाकून उभं राहावं लागे. निघताना रामप्रसादनं बजावलंही, "फारेस्टवाल्यांना कळलं तर कोल्ह्याआधी तुलाच धरतील."

"मी मारतोय कुठं? धरतो अन् सोडतो," अंगद म्हणाला.

आणि खरंच तसं झालं. पुढच्या वेळी कोल्हा सापडला तो धडधाकट. अंगदनं त्याच्या तोंडावर बारदाना टाकला, पात्यांवर उभा राहिला, करिष्मानं पाय मोकळा केला. कोल्हा क्षणभर उभा राहिला आणि असा पळाला की दोन महिने त्या ओढ्याला कोल्हा दिसला नाही. मला त्या दिवशी फार हलकं वाटलं. लोखंडाला पुण्य लागत असेल तर ते मला लागलं, असं मी समजत होतो. गावातली माणसं मला बघायला आली. "लई भारी काम केलंस," म्हणाली. अंगद प्रत्येकाला आपली करंगळी माझ्या जबड्यात घालून दाखवायचा.

इथंच सगळं बिघडलं, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही उशिरा आलं.

मला दात होते तेव्हा अंगद मला लावताना घाबरायचा. रात्रभर कुशी बदलायचा आणि तांबडं फुटायच्या आत धापा टाकत यायचा. रबर बसलं आणि त्याची झोप सुधारली. तो आधी सूर्य उगवल्यावर येऊ लागला, मग चहा घेऊन, मग शेरडं सोडताना जाता जाता. कधी एखादा दिवस गाळूही लागला. करिष्मानं एकदा विचारलं, "काल बघून आलता का?" तर म्हणाला, "त्याला काय हुतंय? पाय तर धरलाय नुसता." मला उचलून ठेवायचं काम आधी फक्त अंगदचं होतं. पुढे जो जवळ असेल तो उचलू लागला. ज्या गोष्टीची भीती गेली, तिची काळजीही गेली.

दिवाळी झाली आणि गाव ऊसतोडीला निघायची तयारी करू लागलं. अंगद-करिष्माचं जाणं परवावर होतं, पण मुकादमाचा ट्रॅक्टर आदल्या दिवशीच दारात येऊन उभा राहिला. एकच गडबड उडाली. भांडी, कोयते, गोधड्या, पिठाचा डबा. अंगदला वाटलं, करिष्मानं शेरडं आणताना मला उचललं. करिष्माला वाटलं, अंगद सकाळी शेतात गेलता तेव्हाच त्यानं काढलं. दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही, आणि मी ओढ्याच्या वाटेवर चाळलेल्या मातीखाली तोंड वासून बसून राहिलो.

मागे राहिली अंगदची आई छबुबाई, तीन शेरडं आणि दाव्याला बांधलेली भुरी. छबुबाईचे गुडघे गेलेले, ओढा ओलांडून तिला दोन वर्षं झाली असतील. पुढचे पाच-सहा महिने तिला बोलायला भुरीच होती. भुरी ट्रॅक्टर गेल्या दिशेला तोंड करून अशी हेल काढून रडत होती की म्हातारीला बघवलं नाही. कुत्री ट्रॅक्टरमागं धावू नये म्हणूनच बांधलीय, असं समजून तिनं दावं सोडलं. "जा बाय, रस्त्यापस्तोर जाऊन ये," म्हणाली.

भुरी रस्त्यापर्यंत गेली, ट्रॅक्टर दिसला नाही, म्हणून शेतात आली. ओढ्याजवळच्या लिंबाखाली करिष्मा रोज भाकरी खायची आणि तुकडा तिला टाकायची. तिथं हुंगत हुंगत ती वाटेवर आली. मी तिची पावलं ओळखत होतो. माझ्या खटक्याला मी जिवाच्या आकांतानं विनवलं, पण त्यावर दोन लिटरपेक्षा जास्त वजन पडलं होतं आणि रामप्रसादचं काम चोख होतं.

मी तिला दुखवलं नाही. हे तुम्हाला सांगताना मला माझीच किळस येते, पण ते खरं आहे. तिनं ओढलं, कडी फिरली, पाय पिळवटला नाही. तिनं चावलं, तर दात रबरात रुतले. त्या कोल्ह्याकडे निदान पाय टाकून जायची वाट होती. मी भुरीला तीही ठेवली नव्हती. ती दोन दिवस भुंकली. ओढ्यात डबकं होतं, माझ्यापासून वीस पावलांवर. त्याच्याकडे बघत ती जीभ काढून बसायची.

छबुबाईला ते भुंकणं ऐकू येत होतं. तिला वाटलं, करिष्माच्या ओढीनं कुत्री शेतात जाऊन बसलीय, रडून रडून येईल घरी. तिनं ओट्यावर भाकरी ठेवली. दुसऱ्या दिवशी ती वाळली म्हणून दुसरी ठेवली. तिसऱ्या दिवशी भुंकणं थांबलं, तेव्हा म्हातारी दिवसभर दारातून हाका मारत राहिली. काठी घेतली, पाण्याचा तांब्या घेतला आणि बसत-उठत ती चौथ्या दिवशी सकाळी ओढा ओलांडून आली.

"अगं माजे बाय!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

भुरीनं शेपूट हलवली. तांब्यातलं पाणी निम्मं प्यायली, निम्मं सांडलं. छबुबाई माझ्या एका बाजूच्या पात्यांवर चढली. पाती दबली नाहीत. दुसऱ्या बाजूला चढली. तरी नाहीत. काठी घालून बघितली, काठी मोडली. तिच्या अंगात होतं नव्हतं तेवढं वजन तिनं टाकलं. मी आतून उघडायचा जो प्रयत्न केला, त्याला काही अर्थ नव्हता. मी तसा घडवलेलाच नाही.

ती माणसं आणायला गेली. पण गावात माणसं कुठं होती? दाराला कुलपं. एका घरात सुंदरराव भेटले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले, आणि त्यांची बायको सरस्वतीबाई. तिघं म्हातारे एकमेकांना धरत ओढ्यापर्यंत पोचायला ऊन डोक्यावर आलं. तोवर भुरी माझ्या शेजारी मान टाकून पडली होती. तिचा श्वास थांबलेला मला त्यांच्याआधी कळला होता.

"गेली का गं?" सुंदररावांनी विचारलं. त्यांना दिसत नव्हतं.

"गेली," छबुबाई म्हणाली. "पन लोखंडासकट नाई पुरायची मी तिला. भाऊजी, तुमी तिकडनं चढा."

एका बाजूला छबुबाई आणि सरस्वतीबाई, दुसऱ्या बाजूला सुंदरराव. एकमेकांचे खांदे धरून तिघं माझ्या पात्यांवर उभे राहिले. थरथरत, एकदा तोल जाऊन, पुन्हा चढून. तिसऱ्या खेपेला मी उघडलो. छबुबाईनं वाकून भुरीचा पाय अलगद बाजूला घेतला आणि पदरानं पुसला.

मला तिथं टाकून देता आलं असतं. पण पुन्हा कुणाचा पाय पडू नये म्हणून तिनं मला घरी आणलं आणि चिंधी बांधली. संध्याकाळी अंगदचा फोन आला. मागे उसाच्या फडातला गलबला ऐकू येत होता. आईनं सांगितलं, सापळा तसाच राहिलता, भुरी सापडली त्यात.

"आरं देवा!" अंगद ओरडला. "करिष्मे, तू काढला न्हवता का?" मग घाईघाईनं म्हणाला, "पन आये, रबर हाय त्याला. पायाला काय झालं न्हाई ना तिच्या?"

"न्हाई रे," छबुबाई म्हणाली. "पायाला खरचटलं बी न्हाई. कुत्री मेली."

पलीकडून करिष्माच्या रडण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला.

अंगद शिमग्याच्या सुमारास परतेल. मला मोडून त्यानं दोन विळे करावेत, एवढीच माझी इच्छा आहे. पण कदाचित तो तसं करणार नाही, कारण कोल्हे तोवर परत येतील आणि नवी करडंही झालेली असतील. तो नाही तर दुसरं कुणी मला मागून नेईल, पट्ट्या दाबून बघेल, "लई चांगला हाय, कुणाला लागत न्हाई" म्हणेल. तुम्हीही असाल कदाचित. तुमच्या पाया पडून सांगतो, माझ्या मऊपणावर जाऊ नका. मला कुठं लावायचं, ते मागाहून बघा. उजाडताना कोण येणार, ते आधी ठरवा, आणि त्याचं नाव मोठ्यानं घ्या. तसं कुणी नसेल, तर मला खुंटीवरून काढूच नका.