बिनखळीचा कागद

वुर्यानीने मुलाखत दोनदा वाचली, मासिकाची घडी घातली आणि ते तांदळाच्या डब्याखाली सारून दिलं. मग नेहमीसारखी कागदाला द्यायची खळ शिजवायला बसली.

मुलाखत दनारची होती. जकार्तातल्या प्रदर्शनात त्याच्या नावाने चाळीस चेहरे लागले होते. फोटो त्याने काढले होते हे खरं, पण छापले होते वुर्यानीने, सगळेच्या सगळे. चित्रकलेच्या कॉलेजातले हे दोघे सोबती. योग्याकार्तातल्या कोतागदेच्या चांदीवाल्यांच्या गल्लीत दोघांनी मिळून स्टुडिओ थाटला, त्याला सात वर्षं झाली होती. तो कॅमेऱ्यामागे, ती पाण्याच्या ट्रेपाशी. डिंकात काजळी आणि केशरी क्षार कालवायचा, ब्रशने कागदावर फिरवायचा, वर निगेटिव्ह ठेवून कागद उन्हात धरायचा. ऊन लागतं तिथला डिंक धरून बसतो, बाकीचा पाण्यात सुटतो, आणि हळूहळू कागदातून माणूस वर येतो. एका चेहऱ्याला असे पाच थर, चार दिवस. हे काम करणारं त्या भागात दुसरं कोणी नव्हतं.

मुलाखतीत दनार म्हणाला होता की हे सगळं तो एकहाती करतो. मदतीला कोणीच नाही का, असं विचारल्यावर त्याने उत्तर दिलं होतं : ‘आहे एक बाई. कागद धुते.’

आठवड्याने तो आला तो सामान न्यायला. शहराच्या उत्तरेला त्याने नवी, काचेची जागा घेतली होती. निगेटिव्ह नेले, स्टुडिओचं नाव नेलं. जाताना हसून म्हणाला, “तुला काय वुर, तू कुठंही धुशील.” वुर्यानीने त्याचं अभिनंदन केलं, दोन चमचे साखर घालून चहा दिला आणि फाटकापर्यंत सोडायला गेली. गल्ली म्हणाली, पोरगी समजूतदार आहे. ती समजूतदार वगैरे काही नव्हती. तिला घाई नव्हती, एवढंच.

सहा महिने तिने आपलं काम चालवलं. नवरा-नवरीचे फोटो, वारलेल्या वडिलांचे फोटो. दनारच्या नव्या जागेतून या काळात हाताने छापलेलं एकही चित्र बाहेर पडलं नाही, हे तिच्या कानावर येत होतं. मग एक दिवस त्याचा फोन आला.

“आपला नेहमीचा जाड कागद पन्नास ताव पाठवशील का? इथं मिळत नाही.”

“कशाला?”

“प्रात्यक्षिक आहे, चार दिवस. लोकांसमोर चेहरा छापून दाखवायचाय. टीव्हीवाले येणारेत.”

“पाठवते की.”

तिच्याकडे दोन गठ्ठे होते. एकाच गिरणीचे, एकाच जाडीचे, दिसायला जुळे भाऊ. एक कोरा, एक खळ दिलेला. कोरा कागद रंग पितो. एकदा पोटात गेलेली काजळी मग कितीही धुतली तरी निघत नाही. म्हणून जिलेटिनची पातळ खळ दोनदा द्यायची, प्रत्येक ताव दोरीवर वाळवायचा. दर सोमवारी पहाटे ती हे करत असे आणि दनार दहाच्या आत उठत नसे. दोरीवर कागद का लटकतात, हे सात वर्षांत त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

वुर्यानीचा हात आधी खळीच्या गठ्ठ्यावर गेला. तो हात तिने उचलला आणि कोऱ्या गठ्ठ्यावर ठेवला. पन्नास ताव मोजून बांधले, वर शेंगदाण्याची चिक्की ठेवली आणि पाठवून दिले.

प्रात्यक्षिकाच्या पहिल्या दिवशी ती ठेवणीतलं बाटिक नेसून तिसऱ्या रांगेत बसली. मंडपाला चारी बाजूंनी भिंती नव्हत्या, ऊन थेट पायापर्यंत येत होतं. दनारने ज्याचा फोटो घेतला होता ते माणूस पुढे खुर्चीत बसलं होतं. ती म्बाह तुमिराह होती. साठ वर्षं पाठीवर टोपली बांधून गल्लीत हळदीचं जामू, म्हणजे औषधी काढा, विकणारी, सगळ्यांची आजी. केसांना तेल लावून, लेकीच्या लग्नातला ब्लाउज घालून आली होती.

अजून वेळ होता. वुर्यानीने उठून एक वाक्य बोललं असतं तरी पुरलं असतं. ती उठली नाही.

दनारने रंग फासला, ताव उन्हात ठेवला, छान बोलला. मग कागद पाण्यात सोडला. लोक ट्रेभोवती जमले. पाव तास गेला, अर्धा तास गेला. काळं सुटेना. त्याने ब्रशने हलकेच घासलं, तर कागदाची लव उठली. दुसरा ताव, तिसरा ताव. तिन्ही वेळा गाल नाही, डोळे नाहीत, नुसता डांबरासारखा डाग. हसलं कोणीच नाही. जो तो आपल्या चपला निरखत होता. टीव्हीवाल्याने कॅमेरा खाली घेतला. वुर्यानीला कित्येक महिन्यांत इतकं गोड काही लागलं नव्हतं.

तेवढ्यात म्बाह काठी टेकत ट्रेपाशी आली. बराच वेळ वाकून पाहत राहिली.

“ही मी?” तिने विचारलं.

दनारने ताव पाण्यात उलटा केला. वुर्यानी गर्दीतून बाहेर पडली.

स्कूटर लावल्या होत्या तिथे दनारने तिला गाठलं. “कागद खराब होता.”

“कागद चांगला होता. खळ दिलेली नव्हती.”

“तुला माहीत होतं.”

“होतं. तुला माहीत नव्हतं.”

“मी सांगेन सगळ्यांना.”

“सांग ना. कागद धुणाऱ्या बाईनं खळ दिली नाही, म्हणून माझी कला अडली, असं सांग.”

प्रात्यक्षिकाचे पुढचे तीन दिवस रद्द झाले. आभाळ आलं, असं कारण दिलं गेलं. त्या आठवड्यात योग्याकार्तावर ढगाचं पिल्लूदेखील नव्हतं.

चार दिवस म्बाह गल्लीत फिरकली नाही. पाचव्या दिवशी वुर्यानीच तिच्या घरी गेली. म्हातारी पाट्यावर हळद वाटत होती. वुर्यानीने समोर बसून काही न लपवता सगळं सांगितलं.

म्बाहने वरवंटा थांबवला नाही. “म्हणजे भांडण तुमचं, आणि तोंड काळं झालं माझं.”

“चुकलं माझं, म्बाह. तुमच्यापुरतं.”

“आणि त्याच्यापुरतं?”

“त्याच्यापुरतं नाही.”

म्हातारीने आता मान वर केली. “माझ्या नवऱ्यानं ठेवलेली बाई मेली, तेव्हा मी जामू घेऊन तिच्या दारी गेले होते. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बघायला गेले होते गं, खरंच मेली का ते.” हळदीचा हात तिने पदराला पुसला. “उद्या येते तुझ्याकडे, काढ माझा चेहरा. पण दातांची फट नको दाखवूस.”

ती आली, बसली. वुर्यानीने फोटो घेतला, पाच थर चढवले. चौथ्या दिवशी पाण्यातून म्बाह वर आली, कपाळाच्या सगळ्या सुरकुत्यांसकट. दातांची फटही आली होती. वुर्यानीने ती घालवायचा प्रयत्न केला नव्हता. म्बाहने चित्र दूर धरून पाहिलं, कान मोठे आलेत म्हणून कुरकुर केली आणि कापडात गुंडाळून घेऊन गेली.

पावसाळा संपता संपता चांदीवाला पाक सुगंदी सांगत आला की दनारची काचेची जागा गेली. तो आता समारांगला भावाकडे लग्नाचे अल्बम करतो, सगळे यंत्रावर. एका लग्नात कोणीतरी हाताने छापून मागितलं, तर म्हणे जेवण अर्धवट टाकून उठून गेला.

वुर्यानीने हात पुसले, पाक सुगंदीला बसायला मोडा दिला, चहा ठेवला आणि ती हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली.