दोन बोटं अंतर

दुपारी बाराच्या आत प्रयोगाची खोली रिकामी करा, असं तिला संस्थेचं फर्मान होतं. बाराच्या ठोक्याला हातगाडी घेऊन दारात उभा राहिला तो तिचा नवराच. तोही त्याच संस्थेत विजेच्या मोटरवर चालणारे यांत्रिक हात बनवायचा, आणि तिची खोली आता त्याच्या विभागाला मिळाली होती.

"एक वाजेपर्यंत मी हलणार नाही," ती म्हणाली. स्टुलावरून उठलीसुद्धा नाही.

"माझ्याच खोलीसाठी माझ्याशी भांडतेस?"

"खोली घे. दुपार देणार नाही."

समोर काचेच्या बशीत नखाएवढी केशरी जेलची पट्टी होती. ना वायर, ना बॅटरी. भोवतीच्या रसायनांमुळे तिच्यावरून मिनिटामिनिटाला हिरवी लाट जायची. पट्टी आकसायची, सैलावायची आणि खालच्या दातेरी काचेवर केसभर पुढे सरकायची. दोन बोटं अंतर पट्टी आपली आपण कापते, एवढंच तिला दाखवायचं होतं. सकाळी नऊला सोडलेली पट्टी आता शेवटच्या रेघेजवळ आली होती.

तेवढ्यात संचालक साहेब आले. बशीत डोकावून हसले. "बाई, हिच्यापेक्षा गोगलगाय बरी!"

"गोगलगाईला मेंदू लागतो, साहेब. हिला तोही लागत नाही."

"थांबा, मीच पोचवतो." कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी बशीत बोट घालून पट्टी ढकलली.

हिरवी लाट विरली. पुढची आलीच नाही.

तिचे कान लाल झाले, पण आवाज चढला नाही. "घामातलं मीठ हिला विष आहे." तिने पट्टी चिमट्याने उचलली, धुतली, ताज्या द्रवात पहिल्या रेघेवर ठेवली. "आता पहिल्यापासून. चार तास."

"लेखी आदेश आहे!"

"मग हेही लेखी द्या, की प्रयोग तुमच्या बोटाने मोडला."

साहेब तणतणत निघून गेले. नवरा थोडा वेळ घुटमळला. मग त्याने हातगाडी दारात आडवी लावली आणि त्या गाडीवरच बसकण मारली. "हमाल आले तर सांगतो, चाक निखळलंय."

चार वाजून दहा मिनिटांनी पट्टी शेवटच्या रेघेला टेकली. तिने वहीत वेळ नोंदवली. विलंबाचं कारण : साहेबांचं बोट. नवऱ्याने साक्षीदार म्हणून सही केली.

"ते वाचतील हे."

"वाचू देत. म्हणून तर ठळक लिहिलंय." तिने टेबलाची एक बाजू धरली. "चल, उचल आता. तिकडून धर."