एकोणीस नंबरचं घर

संशोधन म्हणजे मोठ्या दवाखान्यातलं काम, असं त्या आरोग्य केंद्रात सगळ्यांनाच वाटायचं. डॉ. हर्षालींनी पहिल्याच दिवशी ते खोडून काढलं. नाशिकच्या एका प्रशिक्षण संस्थेतर्फे त्या दर गुरुवारी केंद्रावर यायच्या. "प्रश्न तुमच्याच रजिस्टरात पडलेत," त्या म्हणाल्या. "ते विचारायचे कसे, एवढंच मी शिकवणार."

छाया पगारे तिथं अकरा वर्षं नर्स होती. तिच्या रजिस्टरातला प्रश्न साधा होता. गरोदर बायका दर महिन्याला लोहाच्या गोळ्या नेत, रोज घेतो म्हणून सांगत, आणि त्यांचं रक्त मात्र वाढत नसे.

डॉ. हर्षालींनी तिला शिकवलं. बाईच्या तोंडात उत्तर घालायचं नाही. फॉर्मवर नाव लिहायचं नाही, फक्त क्रमांक टाकायचा. कोणता क्रमांक कोणाचा, ती यादी वेगळी, कुलपात ठेवायची. "बाई खरं बोलते ती या कुलपाच्या भरवशावर. साहेब मागोत नाहीतर सरपंच मागोत, द्यायची नाही."

छायानं चाळीस घरं केली, तीही सासू घरी नसेल अशी वेळ साधून. एकोणीस नंबरला सुवर्णा होती, पाचवा महिना लागलेली. तिची सासू नवसाबाई फुलं घेऊन पंचवटीच्या बाजारात गेली होती.

"घेते ना रोज," सुवर्णा म्हणाली.

छायानं फॉर्म तिच्यापुढे धरला. "यात तुझं नाव कुठं आहे का बघ. नुसतं एकोणीस. नवसाबाईंना कळणार नाही. माझा शब्द."

सुवर्णानं फॉर्म उलटसुलट पाहिला. "नाय घेत ताई. आत्या पहाटे चहासंगं देत्यात. पोटात काय नसतं, लय मळमळतं. मग गुलाब तोडायला वाकताच येत नाय. गालात धरते आन् वाफ्यात थुकते."

"मग रात्री जेवल्यावर घे."

"आत्यांना काय सांगू? त्या गावभर सांगत्यात, माझी सून एक गोळी चुकवत नाय."

चाळीसपैकी सव्वीस जणी गोळी घेत नव्हत्या. त्यातल्या एकवीस जणींचं कारण हेच होतं: फुलं तोडायची वेळ आणि रिकामं पोट. नाशिकच्या द्वारका चौकाजवळ संस्थेचं कार्यालय होतं; तिथं डॉ. हर्षालींनी सगळ्यांसमोर छायाला उभं केलं. "अकरा वर्षांत हे कुणाला दिसलं नव्हतं. हा शोध हिचा आहे." त्या संध्याकाळी त्यांचा मेसेज आला: पडताळणीसाठी नावांची यादी पाठव. छायानं कपाट उघडलं, यादीचा फोटो काढला आणि पाठवला. कशाला, असं तिनं विचारलं नाही. जिनं कुलूप लावायला शिकवलं, तिला काय विचारायचं?

पुढच्या महिन्यात लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत पन्नासेक बायका बसल्या होत्या. गावची आशा सेविका संजना मोबाइल बघून म्हणाली, "वरून पत्र आलंय, गोळी न घेणाऱ्यांच्या नावांचं. मी नाव घेईन तिनं पुढं यायचं, इथं सगळ्यांसमोर गोळी घ्यायची." ती वाचू लागली.

चौथ्या नावाला छायाच्या लक्षात आलं. नावं अक्षरांच्या क्रमानं नव्हती, गल्लीच्याही नव्हती. ती ज्या क्रमानं घरं फिरली होती, त्या क्रमानं होती. तो क्रम तिच्याशिवाय गावात कुणाला माहीत नव्हता. पत्रात नावं होती. रिकाम्या पोटाबद्दल एक ओळही नव्हती.

सुवर्णाचं नाव आलं तशी नवसाबाई उठली. "काय गं, माझ्या हातची गोळी थुकत होतीस?"

मागून कोणीतरी म्हणालं, "तरीच नवसाबाईचा गुलाब एवढा लाल!" बायका हसल्या.

सुवर्णानं सासूकडे पाहिलं नाही. ती छायाकडे पाहत होती.

दुसऱ्या दिवशी छाया द्वारकाच्या कार्यालयात डॉ. हर्षालींकडे गेली.

"मॅडम, यादी बाहेर कशी गेली?"

"तालुक्याला मी दिली. अगं, सव्वीस बायका गोळी घेत नाहीत हे कळल्यावर गप्प बसायचं?"

"वेळ बदला म्हणून सांगायचं होतं. नावं कशाला? तुम्हीच शिकवलंत ना?"

"ते संशोधनापुरतं. हे कार्यक्रमाचं काम." त्यांचा आवाज चढला नाही. "आणि यादी तू दिलीस, छाया. मी कपाट फोडलं नव्हतं. महिनाभरानं दुसरी फेरी कर. या वेळी चाळीसच्या चाळीस गोळी घेणाऱ्या निघतील. प्रशिक्षणानं केंद्राची क्षमता वाढली, हेच आपल्याला अहवालात दाखवायचंय."

छाया दुसऱ्या फेरीला निघाली. प्रत्येक दारात प्रश्नाआधी तिनं एकच गोष्ट सांगितली. काही जणींनी ऐकून दार लावून घेतलं. सुवर्णा ओट्यावर पाटीतले गुलाब निवडत होती.

"तुमची नावं माझ्याकडून गेली," छाया म्हणाली. "मागितली दुसऱ्यांनी, पण दिली मी."

सुवर्णाचा हात थांबला नाही. "आत्या आता पहाटे तोंड उघडायला लावत्यात. जीभ वर कर म्हनत्यात. शेजारीण आली तर तिलाबी दावत्यात." तिनं एक फूल बाजूला टाकलं. "लिहा. रोज घेते. मळमळत नाय. लय बरं वाटतं."

छायानं उत्तराचा रकाना कोरा ठेवला. शेऱ्यात लिहिलं: 'पहिल्या फेरीत दिलेला शब्द आमच्याकडून मोडला गेला. या घरचं उत्तर खरं धरता येणार नाही.' खाली पूर्ण नावानं सही केली आणि फॉर्म सुवर्णाला वाचायला दिला.

सुवर्णानं वाचला, परत दिला. "वजनाला मी केंद्रावर येत जाईन, ताई. तुम्ही घरी येऊ नका."

छायानं मान हलवली. चाळीसपैकी एकोणीस घरं झाली होती; तसे एकवीस फॉर्म अजून बाकी होते.