दिवसाचा पहिला स्टार्ट

पहिला पाना मी जावयाच्या तोंडावर घातला. दात पडला. दुसरा खांद्यावर बसला तसा तो गाडीच्या बॉनेटवर कोसळला. मेल्याची हिंमत बघा. माझ्या लेकीचा हात मोडून चार तास झाले नव्हते आणि हा माझ्याच गॅरेजात गाडी ओढून आणून म्हणत होता, "सासरेबुवा, तुमचं काम काही जमलं नाही. थंडीत गाडी अजून चालू होत नाही."

काम जमलं नव्हतं हे खरं होतं. म्हणून तर माझं डोकं फिरलं.

गाडी लेकीच्या नावावर, किल्ली मात्र त्याच्या खिशात. थंडीत लागेना म्हणून त्यानेच ती माझ्याकडे टाकली होती. त्याच दिवशी लेकीचा फोन आला. तो तिला मारायचा हे मला ठाऊक होतं. मागे तिला आणायला गेलो तेव्हा त्याने माझंही बोट मोडून परत पाठवलं होतं. ती दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, पहाटे तो मेल्यासारखा झोपतो. किल्ली मी काढून घेईन. गाडी पहिल्या फटक्यात लागली पाहिजे, बस."

इंजिनात हवा घेणारे व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते हल्ली लॅपटॉपवरून ठरवता येतं. इंजिन गार असताना ते जरा उशिरा उघडायचे, नाहीतर जळका वायू उलटा शिरतो आणि पेट्रोल पेटत नाही. किती उशिरा, हे मात्र गाडी रात्रभर उघड्यावर गारठवून सकाळी एकदाच स्टार्टर मारून कळतं. दिवसातून एकदाच. तीस वर्षं हे मी दुसऱ्यांना ओरडून सांगत आलो.

पहिल्या सकाळी गाडी खोकून बंद पडली, मग पाचव्या फटक्यात लागून थोडी चालली. मी आकडे बदलले, दुपारी इंजिनाला हात लावला, गार लागलं. स्टार्टर मारला, चटकन लागली. खुशाल देऊन टाकली. आतलं ऑइल अजून कोमट होतं. लेक वाट बघतेय म्हणून मी घाई केली, दुसरं काही नाही.

त्या पहाटे तिने चार वेळा स्टार्टर मारला. त्या आवाजानेच तो जागा झाला. ती उतरून पळणार, तोच त्याने तिच्या हातावर गाडीचं दार आपटलं. दोनदा.

बॉनेटवरून उठून त्याने जॅकचा दांडा माझ्या गुडघ्यात घातला. मी त्याचा गळा धरला. शेजारच्या टायरवाल्याने मला मागून आवळलं नसतं तर मी तो सोडला नसता. सुटला याचं आजही वाईट वाटतं.

आता तो तुरुंगात आहे. मी लंगडतो. लेक माझ्याकडे असते. गाडी रोज रात्री अंगणात उभी असते आणि सकाळी काचेवरचं दव न पुसताच ती आत बसते. उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून वाकून डाव्या हाताने किल्ली फिरवते. आकडे मी पुन्हा बसवले, या वेळी रोज सकाळी एकदाच स्टार्टर मारून; आता सलग नऊ दिवस पहिल्या फटक्यात लागलीय.

आज न राहवून मी म्हणालो, "बाळ, झालं ना आता? जायचंय कुठं तुला?"

"कुठंच नाही," ती म्हणाली. "पण लागली पाहिजे."

तिने इंजिन बंद केलं. मी हात पुढे केला होता, पण किल्ली तिने स्वतःच्याच खिशात घातली.